मांजराने नेलेला बांगडा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीने लिफ्टमध्ये मोगऱ्याच्या वासाचा रूम फ्रेशनर बसवला आहे. दर काही मिनिटांनी तो आपणहून फुस्स करतो. मी सहाव्या मजल्यावर राहतो आणि तेव्हापासून जिने चढतो. बायकोला वाटतं, साठीकडे झुकल्यावर मला तब्येतीची अक्कल आली. शेजाऱ्यांना वाटतं, मेंदूचा सर्जन आहे, त्याला काहीतरी ठाऊक असणार. त्यातले दोघे माझं बघून जिने चढायला लागले आहेत. खरं कारण एवढंच, की त्या वासाने मला मळमळतं.

तीस वर्षं मी कवट्या उघडतो आहे. हाडावर ड्रिल चालतं तेव्हा जळकट वास येतो, सडलेल्या जखमेचा त्याहून वाईट असतो. त्यांच्यामुळे माझं जेवण कधी अडलं नाही. कॉलेजला जाताना कांजूरमार्गच्या डम्पिंगचा वास गाडीच्या बंद काचांतून आत येतो. त्याचंही काही वाटत नाही. कचरा आहे, कचऱ्यासारखा वास मारतो. मोगरा मात्र सहन होत नाही. त्या वासाने भरलेल्या वॉर्डात एक कोळीण माझ्यासमोर सांगत होती की तिची नजर जाते आहे, आणि मी हसलो. तिची नजर तेव्हा वाचली असती. मी हे लिहायला बसलो आहे ते एवढ्याचसाठी.

आधीच सांगून टाकतो, मी राजीनामा दिला नाही. कुठे तक्रारही केली नाही. पुढे काही शौर्याचं येईल अशी वाट बघू नका. मी अजून त्याच खुर्चीत बसतो, माझ्या दारावर ‘प्राध्यापक व विभागप्रमुख’ अशी पितळी पाटी आहे, आणि शिपाई ती रोज पुसतो.

त्या पाटीसाठी मी बरंच काही केलं. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते घाटकोपरच्या एका इमारतीत वॉचमन झाले. मी मेडिकलला लागलो तेव्हा त्यांनी चाळीतल्या प्रत्येक दारात जाऊन सांगितलं. मी मेंदूचा सर्जन झालो तेव्हा आई घाबरली. कोकणातून येऊन चाळीस वर्षं झाली तरी तिची बोली गावचीच होती. ‘माणसाचा डोक्या उघडतंस तां परत नीट लागता मां रे?’ असं तिने विचारलं होतं. मी हसून ‘लागतं गं’ म्हणालो. माझ्या धंद्याबद्दल इतका नेमका प्रश्न मला पुढे कुठल्याच परीक्षकाने विचारला नाही.

शिकलो सरकारी इस्पितळात. तिथले आमचे मोठे सर म्हणजे जमदग्नी. पेशंटला हात लावायच्या आधी कुणी स्कॅनचं नाव काढलं की ते फाईल भिरकावत. नजर तपासायची त्यांची पद्धत मी आजही शिकवतो. पेशंटच्या समोर बसायचं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. त्याने आपल्या नाकाकडे बघायचं. आपण दोन्ही हात बाजूला पसरायचे आणि कडेला बोट हलवून विचारायचं, हललेलं दिसतंय का? यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, एक मिनिट लागतं. आणि नुसती बोटं मोजायला लावणाऱ्यांवर सरांचा विशेष राग. ‘सगळे डॉक्टर दोनच बोटं का धरतात रे? पेशंट काय खुळा आहे? तो डोळे मिटूनसुद्धा दोन सांगेल!’ हे वाक्य मी इतक्या बॅचेसना ऐकवलं आहे की मुलं माझ्या मागे माझी नक्कल करतात.

सरकारी इस्पितळात बढतीची रांग लांब होती. म्हणून चाळिशी ओलांडल्यावर मी हायवेवरून बरंच आत असलेल्या एका खासगी मेडिकल कॉलेजात आलो. पुढेमागे प्राध्यापक होशील, असं मला तिथे सांगण्यात आलं, आणि झालोही. प्राध्यापक व्हायला शोधनिबंध लागतात. माझ्या नावावरच्या काही निबंधांतले पेशंट मी डोळ्यांनी पाहिलेले नाहीत. माझं नाव दुसऱ्याने आपल्या निबंधात घातलं, मी त्याचं माझ्या निबंधात घातलं. लग्नातल्या आहेरासारखं होतं ते. तेव्हा किळस आली का? खरं सांगतो, नाही आली. तेव्हा मला तो व्यवहार वाटायचा. किळस फार उशिरा आली आणि आल्यावर एकदम सगळ्याचीच आली.

आता तपासणीचं सांगतो. मेडिकल कॉलेजला मान्यता टिकवायची तर वॉर्ड भरलेले असावे लागतात. आमचे भरलेले नसत. हायवेवरून आत वळून इतक्या लांब कोण येणार? त्यामुळे तपासणीचं पथक यायच्या दिवशी आम्ही पेशंट आणायचो. ‘मोफत आरोग्य शिबिर’ असा फलक लावलेल्या बस निघायच्या, दहिसरच्या वस्त्यांतून, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून, कॉलेजसाठी शिबिरं भरवणाऱ्या कॅम्पवाल्याची जिथे ओळख असेल तिथून. माणसं उतरली की त्यांना इस्पितळाचे कपडे द्यायचे, पलंग द्यायचा, दुपारी पुलाव द्यायचा आणि चार वाजता परत बसमध्ये बसवायचं. त्यांना ना कुणी तपासत असे, ना कुणी तपासायला सांगे. येणाऱ्यांनाही ते माहीत असे. बायका तर हसतखिदळत यायच्या, घरकामातून एक दिवस सुटका.

त्यांचे केसपेपर आदल्या दिवशी तयार व्हायचे. सेमिनार रूममध्ये रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, लांब टेबलाभोवती बसायचे. अक्षरं वेगळी दिसावीत म्हणून वेगवेगळ्या रंगांची पेनं आणि आळीपाळीने लिहिणं. पेशंटची नावं म्हणून मुलं आपापल्या मावश्या-आत्यांची नावं घालत. सिस्टर तापाच्या तक्त्यावर ठिपके काढून ते जोडत बसायच्या. रोगांची वाटणी मी करायचो, कारण विभागप्रमुख मी. दहा पलंग असले तर चौघांना कंबरेची गादी सरकलेली, दोघांना डोक्याला मार, एकाला फिट्स, बाकीच्यांना काहीतरी किरकोळ. फार गंभीर द्यायचं नाही, पथकातला एखादा खरोखर तपासायला बसला तर पंचाईत. शेवटी प्रत्येक पेपरावर माझी सही. पाव तासात मी दहा माणसांना आजारी पाडत असे.

त्या वर्षी आमच्या वॉर्डाला वर्सोव्याची बस आली. बायका बाजार उरकून थेट आल्या होत्या. डीन माझाच बॅचमेट. तो दारातूनच नाक दाबून ओरडला, ‘अरे यार, कसला वास मारतोय तुझ्या वॉर्डात! माझी वाट लावशील तू!’

‘कोळीणी आहेत. अत्तर लावून येणार होत्या का?’ मी म्हणालो.

त्याने माणूस पाठवला. त्या माणसाच्या दोन्ही हातांत मोगऱ्याच्या वासाचे स्प्रे होते. त्याने पडद्यांवर मारला, गाद्यांवर मारला आणि मग पलंगांवर बसलेल्या बायकांवरही मारला. झुरळांवर मारतात तसा, हात लांब करून. बायका खोकल्या, एकीने पदर नाकाला लावला, एक मोठ्याने हसली. मी तिथेच उभा होतो. मी त्याला एवढंच म्हणालो, ‘डोळ्यांत जाऊ देऊ नको रे.’

माझ्या हाताखालची लेक्चरर त्या बायकांना पढवत होती. हुशार मुलगी, माझीच विद्यार्थिनी. कुणाला काय दुखतं ते ती पलंगापलंगाशी जाऊन सांगत होती. सातव्या पलंगावर पन्नाशीच्या पुढची एक थोराड बाई होती, केसांत अबोलीची वेणी, हातांवर खवल्यांनी पडलेले जुने चरे. तिच्या वाट्याला कंबर आली होती. तिने मान डोलावली आणि विचारलं, ‘पन डोले कवा तपासनार? मी त्येच्यासाठीच आले.’ लेक्चरर म्हणाली, ‘नंतर, मावशी.’

हे मला लेक्चररने पुढे सांगितलं. त्या अख्ख्या बसमधून खरोखर तपासून घ्यायला आलेली ती एकटीच होती.

पथकातले परीक्षक दुपारच्या सुमारास आमच्याकडे आले. परगावचे प्राध्यापक, थकलेले, आमच्यासारखेच. त्यांच्याही कॉलेजात हेच चालत असणार, त्यामुळे ते फार खोलात जात नव्हते. सहा पलंग भराभर झाले. सातव्याशी ते थांबले, बहुधा पाय दुखले म्हणून, आणि पलंगाची कड धरून म्हणाले, ‘काय होतंय, मावशी?’

‘कंबर दुखते,’ ती पढवल्याप्रमाणे म्हणाली. ते पुढे सरकणार तेवढ्यात तिने त्यांचा कोटच धरला. ‘पन खरा सांगू काय, डाक्टर? कंबरेचा काय नाय. माजे डोल्यांचा बगा. बाजारात वाटे लावून बसते ना मी, तं कडंचा वाटा मना दिसतच नाय. समोरचा दिसते, कडंचा नाय. मांजर येते, कडंचा बांगडा उचलून जाते, मना कलतच नाय! सगल्या बाया हसतान मना.’

आजूबाजूच्या बायका खरंच हसल्या. परीक्षकही हसले, सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा झाला. मी त्यांच्याहून मोठ्याने हसलो. ‘सर, आमच्या मुंबईच्या कोळीणी,’ मी म्हणालो, ‘बोलण्यात कुणाला ऐकायच्या नाहीत.’ ते मान हलवत आठव्या पलंगाकडे गेले आणि नवव्या-दहाव्याला त्यांनी काही विचारलंच नाही. आमचं काम फत्ते झालं होतं. मी मागे वळून त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, ‘शाबास, मावशी! काय रंगवून सांगितलंत!’

इथे मला स्वतःला सोडायचं नाही. मला तेव्हा कळलं नाही असं नाही. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी एकमेकींना छेदतात आणि त्याच्या बरोबर खाली पिट्यूटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिला गाठ आली की ती त्या छेदाला खालून रेटते आणि दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू विझत जाते. घोड्याला झापडं लावावीत तसं माणसाला फक्त समोरचं दिसतं. तिसऱ्या वर्षाच्या पोरालाही हे पाठ असतं. बाजारातल्या मांजराने ते मला पुस्तकापेक्षा नीट सांगितलं होतं. ती बोलत असताना माझ्या डोक्यात तो रोग नावासकट उमटला, आणि मी तो बाजूला सारला. कारण तिच्या पेपरावर कंबर लिहिलेली होती.

लेक्चररच्याही डोक्यात तेच आलं होतं. पथक जेवायला गेल्यावर तिने मला पॅसेजमध्ये गाठलं.

‘सर, ती मांजरवाली मावशी... मी बोटं हलवून बघू का? एक मिनिट लागेल.’

‘अगं, ती आपली पेशंट आहे का?’ मी म्हणालो.

मला राग आला. माझंच वाक्य मला ऐकू आलं होतं, त्याचा तो राग होता, पण काढला तिच्यावर. ‘चारला बस सुटते. तिला काही निघालं तर पेपर बदलणार आहेस? नावासकट? नसती भानगड नको. ओपीडीत येईल तिचं तिला वाटलं तर.’

बस वेळेवर सुटली. लेक्चररने पुढच्या आठवड्यात तिला शोधायचा प्रयत्न केला. पण शोधणार कशावरून? पेपरावर नाव होतं ते एका रेसिडेंटच्या कल्याणच्या आत्याचं. तिने कॅम्पवाल्याला फोन करून विचारायचं म्हटलं तर मी म्हणालो, सोड ना आता. मान्यतेचं पत्र आलं. डीनने पेढे वाटले, मी दोन खाल्ले.

सात महिन्यांनी ती ओपीडीत आली. यावेळी बसने नाही, सुनेचा हात धरून, दोन रिक्षा बदलून. दारातून आत येताना तिचा खांदा चौकटीवर आपटला. ज्या डॉक्टरला नजर कळते त्याला तेवढं पुरे.

सुनेने सांगितलं, चष्म्याच्या दुकानात दोनदा नंबर काढला, दोन चष्मे झाले, फरक नाही. डोकं दुखायचं तर पित्ताच्या गोळ्या. पंधरा दिवसांपूर्वी अचानक डोकं फुटेल असं दुखलं, उलट्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या डोळ्यापुढे काळोख. बाजारातली जागा आता सून चालवत होती.

मी तिच्यासमोर बसलो. गुडघ्याला गुडघा लागला. दोन्ही हात पसरले आणि बोट हलवलं. घड्याळ बघितलं नव्हतं, पण एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. उजवा डोळा पूर्ण गेलेला. डाव्याला नाकाकडची एक फट उरलेली.

‘तुजा आवाज वलखला मी,’ ती म्हणाली. ‘तू त्या मोगऱ्याचे वासाचे वॉर्डवाला ना? मी आलेले ना रं, बसमदी.’

‘हो, मावशी.’

‘मी बोललेले तुमाला. मांजराचा.’

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. ती नुसती आठवण करून देत होती, ओळख पटावी म्हणून. सून विचारत राहिली, ‘कसलं मांजर?’ आणि मी स्कॅनचा कागद लिहीत राहिलो.

गाठ मोठी होती आणि आत रक्तस्राव झाला होता. नाकातून वाट काढून मी ती काढली. ऑपरेशन उत्तम झालं. हे मी कडवटपणे लिहितो आहे, पण खोटं नाही. हात चांगले आहेत माझे, मोठ्या सरांचीच मेहरबानी. एक थेंब फालतू रक्त गेलं नाही. लेक्चरर माझ्या समोर उभी होती. काही महिन्यांनी तिने कॉलेज सोडलं. जाताना पाया पडली, तेव्हा मी पाय मागे घेतले. तिला वाटलं असेल, मला आवडत नाही म्हणून.

जीव वाचला. नजर परत आली नाही. आणखी सात महिने दाबून राहिलेली नस मोकळी झाली तरी पुन्हा जिवंत होत नाही. उजव्या डोळ्यापुढे काळोख तसाच राहिला आणि डाव्या डोळ्याची फट फारशी रुंदावली नाही. त्या फटीतून तिला समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसे, हात दिसत नसत. बसमधून आली त्या दिवशी मी ती गाठ पकडली असती तर ती आज बाजारात बसून मांजराला शिव्या देत असती. यात शंकेला जागा नाही.

एक दिवस मी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन सातव्या पलंगाचा तो पेपर काढला. खोटे पेपर आम्ही खऱ्यांहून नीट जपून ठेवतो, पथक पुन्हा मागेल म्हणून. हिरव्या पेनने लिहिलेलं होतं, कंबरदुखी, डावा पाय जड. खाली बाकीच्या तपासण्या ओळीने. त्यात एक ओळ होती, ‘नजर: दोन्ही डोळे, चारी बाजू, व्यवस्थित.’ आणि त्याखाली माझी सही, लांब शेपटीची, ऐटबाज. मला त्या शेपटीची इतकी घाण वाटली की त्यानंतर मी आखूड सही करतो. बँकेला नवीन नमुना द्यावा लागला. पेपर मात्र फाडला नाही, होता तिथे परत ठेवला. एवढंच माझ्या हातून झालं. सही आखूड.

पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी आली. पुन्हा बस, पुन्हा रंगीत पेनं. मी रोगांची यादी द्यायला नकार दिला. डीन म्हणाला, ‘नको देऊस यार, रेसिडेंट्सना पाठ आहे आता,’ आणि खरंच होतं ते. त्यामुळे माझ्या नकाराने काही अडलं नाही.

नेमकी त्याच सकाळी ती फेरतपासणीला आली. ऑपरेशननंतरचा सहा महिन्यांचा स्कॅन करायचा होता, तारीख मीच दिलेली, तपासणीचा दिवस पक्का व्हायच्या आधी. डीनला कुठून कळलं देव जाणे. तो धावत आला. ‘तुझी ती पिट्यूटरी आलीय ना? खरी पेशंट, खरं ऑपरेशन! ॲडमिट कर तिला आजच्या दिवस. अशी केस या लोकांना दाखवायला मिळाली म्हणजे झकास काम होईल.’

मी नाही म्हणायला हवं होतं. मी मनाशी म्हणालो, ही तर खरी पेशंट आहे, हिला स्कॅन करायचाच आहे, यात खोटं काय? मी तिला विचारलं, मावशी, दुपारपर्यंत पलंगावर बसाल का? ती म्हणाली, ‘बसते की.’ मोगरा मारून झालाच होता. तिने हवेत नाक वर केलं आणि म्हणाली, ‘आला तुज्या पाव्हन्यांचा वास.’

परीक्षक यावेळी दुसरे होते, तरुण, उत्साही. डीनने फाईल त्यांच्या हातात दिली, आधीचा स्कॅन, नंतरचा स्कॅन. त्यांनी दोन्ही उजेडाकडे धरून पाहिले आणि माझ्याकडे आदराने बघितलं. ‘ब्यूटिफुल, सर. पूर्ण निघालीय.’ मग ते तिच्याकडे वळले. ‘काय मावशी, आता नीट दिसतं ना?’

मी तोंड उघडलं होतं. मी सांगणार होतो की नाही, हे मला आजही माहीत नाही, पण तोंड उघडलं होतं. तिने आवाजाच्या दिशेने मान वळवली.

‘दिसतंय ना,’ ती ठणठणीत आवाजात म्हणाली. ‘सगला दिसतंय. कडंचा पन.’

‘वा! ही किती बोटं?’ त्यांनी हात वर केला. तिच्या उजव्या कडेला, जिथे तिला काळोखाशिवाय काही नव्हतं.

‘दोन,’ ती म्हणाली.

दोनच होती.

त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. त्यांच्या फॉर्मवर त्यांनी काहीतरी लांबलचक चांगलं लिहिलं. डीनने माझ्या पाठीवर थाप मारली. मी ‘थँक यू, सर’ म्हणालो. हेच शब्द होते माझे, दुसरे काही नव्हते. ते सगळे पुढच्या वॉर्डात गेले आणि त्यांच्या बुटांचा आवाज बंद झाल्यावर मी तिच्या पलंगाशी स्टुलावर बसलो. ओकारी येईल असं वाटत होतं. तो वास होता, आणि मी होतो.

‘मावशी, असं का सांगितलंत?’ मी विचारलं. ‘तुम्हाला कुणी पढवलं?’

‘कोन पढवनार? ती पढवनारी पोरगी तं गेली ना तुजी.’ तिने पाय खाली सोडले आणि पायांच्या अंगठ्यांनी लादी चाचपायला लागली. ‘मागल्या टायमाला मी बोलले तवा तू मना शाबास बोललास. आज म्हटला, तुना पन कोनीतरी शाबास बोलू दे.’

तिच्या चपला पलंगाच्या उजव्या बाजूला होत्या. मी खाली वाकलो, त्या उचलल्या आणि एकेक करून तिच्या पायांत घातल्या.